खंडेनवमीला हललेली गाडी

सावळारामआबांचे वार ठरलेले होते. मंगळवार, गुरुवार, शनिवार. या दिवशी राहूहून सकाळी निघायचं, दौंडच्या दवाखान्यात पोचायचं आणि रक्त धुणाऱ्या मशीनला हात देऊन दुपारपर्यंत पडून राहायचं. घरात डायलिसिस कुणी म्हणत नसे. "आज आबांचं मशीन हाय," एवढंच म्हणायचे. मुक्ताबाईंच्या एकादशा, सोमवार, चतुर्थ्या जशा घरात सगळ्यांना पाठ होत्या, तसे त्यांच्या नवऱ्याचे हे वारही पाठ झाले होते. फरक इतकाच, की उपास मोडला तर देव रागवायचा किंवा नाही रागवायचा. मशीन चुकलं तर आबांच्या छातीत पाणी भरायचं.

ने-आण करायला गाडी घरचीच होती. आबांचा मुलगा सुदर्शन पिकअप चालवायचा. पहाटे गावची तरकारी पुण्याच्या मार्केटला टाकायची, परत यायचं आणि आबांना घेऊन दौंड गाठायचं. श्रावणात त्या पिकअपला रोग लागला. जरा चढ आला की मीटरमध्ये पिवळा दिवा पेटायचा आणि गाडी एकदम मरगळायची. पाय कितीही दाबा, बैलगाडीच्या चालीनंच चालायची. त्यात आबांची पाळी दोनदा हुकली. दुसऱ्या वेळी तर त्यांनी सगळी रात्र भिंतीला टेकून बसून काढली, कारण आडवं झालं की जीव गुदमरायचा. मुक्ताबाई शेजारी बसून पाठ चोळत राहिल्या.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यानं सांगितलं, व्हॉल्व्ह खराब झालाय, नवा मागवावा लागंल, महिना जाईल.

"महिनाभर आबांना काय खांद्यावर न्यायचं?" सुदर्शन घरी येऊन चप्पल काढता काढताच ओरडला.

त्याची बायको सायली ताटं घेत होती. ती म्हणाली, "इंद्राला दाखवू का?"

इंद्रजीत तिचा धाकटा भाऊ. शिरूरला बायपासजवळ त्याचं गॅरेज होतं. पुढच्या सोमवारी तिघं निघाली. रामलिंगाचं दर्शन होईल म्हणून मुक्ताबाईही बरोबर आल्या. दर्शन झालं, आणि गॅरेजमध्ये त्यांना बसायला इंद्रजीतनं टायरवर फळी टाकून दिली, वर स्वच्छ पोतं अंथरलं.

त्यानं बॉनेट उघडलं, एक नळी सोडवली आणि बोट आत घालून बाहेर काढलं. बोट काळं कुट्ट.

"दाजी, गाडी हाय का चूल?"

"तुझ्या ताईबरूबर हुंड्यात आलेली न्हाई, मी घेतलेली हाय. चेष्टा करू नको, सांग काय झालंय."

"हा ईजीआर व्हॉल्व्ह. इंजिनाचा थोडा धूर इंजिनालाच परत पाजतो. बाहेर घाण कमी पडावी म्हणून. नव्या गाडीला चालतंय. जुन्या गाडीत काजळी धरती आन् हा उघडाच अडकून बसतो. मग हवेऐवजी धूरच जातोय आत. गाडी ओढंल कशी?"

"मग काढून टाक की. सगळी काढत्यात."

"मी न्हाई काढत. सोडलंय मी ते काम. एक तर कायद्यात बसत न्हाई. आन् दुसरं म्हंजी काळा धूर लोकांच्या नाकात जातो."

"लोकांच्या नाकाचं राहू दे बाबा," सुदर्शन म्हणाला, "आमच्या आबाच्या नाकाचं बघ. पुढच्या खेपेला हुकलं तर तूच ये खांदा द्यायला."

सायली नुसती भावाकडं बघत राहिली. इंद्रजीतनं थोडा वेळ हात पुसले, मग परत पाना उचलला.

व्हॉल्व्ह निघाला. त्या जागी त्यानं जाड पत्र्याची प्लेट कापून बसवली, आणि पिवळा दिवा लागू नये म्हणून लॅपटॉप जोडून काहीतरी सेटिंग केलं. मग आणखी एक रबरी पाईप हातात धरून तो म्हणाला, "हे बी बघा. हा ब्रीदर पाईप. इंजिनाच्या पोटात गॅस साठतो, तो ह्यातनं बाहेर येतो. कंपनी तो परत टर्बोच्या, म्हंजी इंजिनात हवा रेटणाऱ्या पंख्याच्या, तोंडात सोडती. तुमच्या इंजिनाचं वय झालंय, गॅस लई हाय, त्याच्याबरूबर तेल बी जातंय टर्बोत. मी ह्याचं तोंड खाली मोकळं सोडतो."

"सोड."

"पण एक ध्यानात ठेवा दाजी. खाली थेंब थेंब तेल गळंल. गळू द्या. ह्याचं तोंड कवाच बंद करायचं न्हाई. दाब कोंडला की टर्बोचं तेल खाली उतरत न्हाई, ते इंजिनात शिरतं. मग इंजिन डिझेल मागत न्हाई, सोताचंच तेल जाळत पळतं. चावी काढली तरी थांबत न्हाई."

"म्हंजी भूत लागतं म्हण की."

"भूत परवडलं."

सुदर्शन हसला. मुक्ताबाईही हसल्या. त्यांना निम्मं कळलं, निम्मं नाही. पण भुताचं तेवढं लक्षात राहिलं.

गाडी पळायला लागली. मागच्या दुचाकीवाल्या पोरी ओढणी नाकाला लावायच्या, पण आबा वेळेवर दौंडला पोचायचे. गणपतीत त्यांच्या तोंडावर जरा तुकतुकी आली. "सायलीच्या भावानं गाडीत जीव घातला," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. इंद्रजीतला त्यांनी फोन करूनही सांगितलं, दोनदा.

घट बसले. मुक्ताबाईंनी नेहमीसारखे नऊ दिवस धरले. एक वेळ खायचं, अनवाणी राहायचं, अखंड दिव्याला रात्रीतून उठून तेल घालायचं. यंदा मागणं एकच होतं, आणि ते त्या घटापुढं हात जोडून मनातच म्हणायच्या.

खंडेनवमी सोमवारी आली. मधे रविवार गेल्यानं आबांचं मशीन शनिवारनंतर थेट दसऱ्याला, मंगळवारी होतं. या दोन दिवसांच्या खाड्यात ते नेहमीच जड व्हायचे. पाणी मोजून द्यायचं, तोंडात बर्फाचा खडा ठेवायचा. सकाळी ते दारात खुर्ची टाकून बसले होते आणि सुदर्शनला बसल्या बसल्या हुकूम सोडत होते. "कोयत्याला धार कशाला लावतुयास आज? नुसता पूस. आज त्यांची सुट्टी."

त्या दिवशी गावात हत्यारांना विसावा. पूजा झाली की कुणी फावड्याला हात लावत नाही, ट्रॅक्टर हलवत नाही, गाडी काढत नाही. सुदर्शननं मार्केटची खेप आदल्या दिवशीच उरकली होती. पिकअप धुऊन त्यानं अंगणात मधोमध उभी केली. मुक्ताबाईंनी सडा घातला होता. चारी चाकांभोवती रांगोळी काढली, पुढं पाट मांडला, पाटावर कोयते, खुरपी, पाने, पकड. झेंडूची माळ बॉनेटवर चढली. आणि हळदी-कुंकवाची वाटी घेऊन त्या वाकल्या, तर गाडीखालच्या पांढऱ्या रांगोळीवर काळा थेंब. बघता बघता आणखी एक.

"सुदर्शना, हे बघ काय गळतंय."

"ते गळणारच आई."

"देवीच्या पुढ्यात? सणाच्या दिवशी असलं काळं? कायतरी लाव त्याला."

"अगं, ते बंद करायचं नसतं. इंद्रा म्हणला न्हाई का?"

"चालती असली तर न्हाई करायचं. आज कुठं चालवायचीय गाडी?"

सुदर्शनला ते पटलं. तो गोठ्यात गेला, दाणे काढलेलं मक्याचं बुरकुंड आणलं, त्याला चिंधी गुंडाळली आणि गाडीखाली सरकून पायपाच्या तोंडात गच्च ठोकलं. थेंब थांबला. मुक्ताबाईंनी तेवढी रांगोळी पुसून परत काढली. सायली आत पुरण वाटत होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं.

आरती झाली. सुदर्शन म्हणाला, "बोळा काढून टाकू का आता?"

"पूजा झाल्यावर हत्याराला हात लावत्यात का? उद्या सोनं वाहून झालं की काढ."

दुपारी जेवणं झाल्यावर आबांना धाप लागली. आधी वाटलं नेहमीचीच. मग त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि मान वर करून हवा ओढायला लागले. ओठ निळसर झाले. सायलीनं दौंडला फोन लावला. पलीकडून म्हणाले, ताबडतोब आणा, मशीन मोकळं ठेवतो. अँब्युलन्सला फोन केला, तर ती वरवंडकडं पेशंट घेऊन गेलेली, यायला तास-दीड तास.

सगळे मुक्ताबाईंकडं बघायला लागले. अंगणात माळ घातलेली गाडी होती. त्यांनी क्षणभर डोळे मिटले, मग पुढं होऊन पाट उचलला, कोयते बाजूला ठेवले, नारळ काढला. "आई, माफ कर," असं बॉनेटला हात लावून म्हणाल्या. "काढ गाडी."

सुदर्शननं आबांना उचलून पुढं बसवलं. मग तो दाराशी थबकला आणि गाडीखाली बघायला वाकला.

"आता वाकतुयास काय!" मुक्ताबाई ओरडल्या. जन्मात त्यांचा आवाज एवढा चढला नव्हता. "ह्यांचा श्वास बघ आधी!"

तो उठला. गाडीला चावी लावली. पुढं आबा मधे, मुक्ताबाई कडेला. सायली मागं हौद्यात गादीवर बसली.

केडगावच्या अलीकडं दोन्हीकडं ऊस होता. तिथं इंजिनाचा आवाज बदलला. सुदर्शननं पाय काढला, तरी गाडी वेग घेत राहिली. त्यानं क्लच दाबला, तसं इंजिन किंचाळायला लागलं. मागं पांढरट निळ्या धुराचा लोट उठला. सायलीला काही दिसेना, ती हौदा बडवायला लागली. सुदर्शननं ब्रेकवर उभं राहून गाडी कडेला घेतली आणि चावी फिरवून बाहेर काढली. चावी हातात आली. इंजिन चालूच राहिलं.

आबांनी त्या आवाजात मुक्ताबाईंचा दंड धरला. ते काहीतरी म्हणत होते, ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं.

सायलीनं भावाला फोन लावला. इंद्रजीत तिकडून ओरडत होता, "हवेच्या पायपात कायबी कोंबा! गोधडी कोंबा! हवा तोडा!" सुदर्शननं बॉनेट उघडलं, पण गरम वाफारा अंगावर आला तसा मागं सरला. सायलीनं गादीवरची चादर काढून पुढं केली. तो परत गेला. चादर कोंबायच्या आतच आतून धाडकन आवाज आला आणि सगळं एकदम शांत झालं. इतकं शांत, की आबांच्या छातीतली घरघर रस्त्यावर ऐकू आली.

रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. एरवी त्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याला गाड्या जागा देत नाहीत. सुदर्शन पळत जवळच्या वस्तीवर गेला. अंगणात ट्रॅक्टर उभा होता, माळ घातलेला, पुढच्या चाकाशी लिंबू. भैरू नावाचा माणूस बाजेवर लवंडला होता.

"माझा बाप जातोय, ट्रॅक्टर काढा!"

"आज?" भैरू उठून बसला. "पूजा झालीय पाव्हणं. आज चाक हलवत न्हाई आम्ही. पलीकडं रामभाऊंची जीप हाय, तिकडं बघा…"

"जीपची काय पूजा झाली नसंल व्हय?" आतून त्याची बायको बाहेर आली. "ऊठ की मुर्दाडा! माणूस मराय लागलाय आन् लिंबू राखत बसलाय!" तिनंच ट्रॅक्टरवरची माळ ओढून काढली.

ट्रॉली जोडून ट्रॅक्टर रस्त्यावर यायला जेवढा वेळ लागला, तेवढा आबांकडं नव्हता. मुक्ताबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. उपासानं आणि उन्हानं त्यांना घेरी येत होती, तरी त्या नाव घेत राहिल्या. ट्रॉलीत गादी टाकली तेव्हा आबांना उचलायला चार माणसं लागली. ते आता स्वतःचं वजन जराही सांभाळत नव्हते.

इंद्रजीत शिरूरहून न्हावऱ्यामार्गे मोटारसायकलवर आला, तोवर ट्रॉली तिथंच उभी होती. दौंडला न्यायचं कारण उरलं नव्हतं. त्यानं आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग पिकअपखाली सरकला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तेलानं माखलेलं बुरकुंड होतं.

त्यानं सुदर्शनकडं बघितलं.

"तू केलंस हे!" सुदर्शन एकदम अंगावर धावला. "तू काढला व्हॉल्व्ह! तू पाईप मोकळा सोडला! कंपनीची गाडी होती तशी असती तर माझा बाप जिता असता!" लोक जमले होते. कुणीतरी त्याला धरलं.

इंद्रजीतनं बहिणीकडं बघितलं. सायली ट्रॉलीचा पत्रा धरून उभी होती. त्यानं बुरकुंड उसात भिरकावलं.

"व्हय दाजी," तो म्हणाला. "चुकलं माझं."

मुक्ताबाईंनी ते सगळं बघितलं. त्या वेळी त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. नंतरच्या दिवसांतही फुटला नाही. घरात येणारा-जाणारा मेव्हण्याचा उद्धार करत होता आणि सुदर्शन मान खाली घालून ऐकत होता. चौकीत तक्रार द्यायचं ठरलं. सायलीनं नवऱ्याला एकदाच विचारलं, "इंद्राला दहाव्याला येऊ द्याल ना?" त्यावर तो म्हणाला, "आला तर तंगडं मोडीन. आन् तुला जायचं असंल तर तूबी जा." भाकरी थापताना तिच्या डोळ्यांतलं पाणी परातीत पडायचं, ते मुक्ताबाई कोपऱ्यातून बघायच्या.

दहाव्याला गावाबाहेर नदीच्या घाटावर मांडव होता, खुर्च्या होत्या, माईक होता. श्रद्धांजली वाहणाऱ्यांची रांग लागली. सोसायटीचे चेअरमन जयसिंगराव उठले. "सावळारामआबांसारखा शब्दाचा पक्का माणूस या पंचक्रोशीत होणं नाही. त्यांचा घात कुणी केला, हे मी इथं बोलणार नाही. पण नात्यातल्याच माणसानं दोन नट इकडचे तिकडं करून…" असं म्हणून ते बराच वेळ बोलले. बायकांत बसलेल्या सायलीनं पदर तोंडावर ओढला.

मग पिंड ठेवले. माणसं लांब सरली. पलीकडं बाभळीवर कावळे बसले होते. एक खाली आला, लांबूनच बघून उडाला. उन्हं वर आली.

"कायतरी राहिलंय मनात," कुणीतरी म्हणालं. मग सुरू झालं. "आबा, राहिलेली कामं पुरी करू!" कावळा नाही. "आबा, मुक्ताबाईला अंतर देणार न्हाई!" नाही. "देवीचा नवस फेडू!" लोक खुर्च्यांवरून उठून मोबाईल बघायला लागले.

शेवटी ओल्या धोतरातला सुदर्शन पुढं झाला, हात जोडले. "आबा, तुमचा घात करणाऱ्याला मी सोडणार न्हाई. त्याला जेलात घालतो. आमच्या दारात परत उभा करणार न्हाई. या आता."

बायकांतनं मुक्ताबाई उठल्या. नव्या विधवेनं असं पुढं जायचं नसतं, म्हणून दोघीतिघींनी त्यांचा पदर धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला आणि पिंडांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अवो," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण घाटावर सगळे गप्प झाले होते. "त्या पोरानं सांगितलं होतं, पाईप बंद करू नगा म्हणून. माझ्या समोर सांगितलं होतं. रांगोळीवर तेल पडतंय म्हणून मी बंद करायला लावला. सुदर्शननं बुरकुंड घातलं. काढतो म्हणला तर मी हात लावू दिला न्हाई. निघताना तो वाकला, तवा बी मीच ओरडले. इंद्रजीतनं सगळं बघितलं आन् बहीण आपल्या घरात नांदावी म्हणून डोक्यावर घेतलं. त्याच्यावर राग धरू नगा. धरायचा तर माझ्यावर धरा."

त्या थांबल्या. सगळ्यांनी बाभळीकडं बघितलं.

कावळा आला नाही.

"धक्का बसलाय म्हातारीला," मागं कुणीतरी बोललं. जयसिंगराव पुढं येऊन म्हणाले, "मुक्ताबाई, आता कशाला काढताय? गेलेला माणूस काही परत येत नाही. घरातली गोष्ट घरात राहू द्या." बायकांनी त्यांना धरून मागं नेलं. भटजींनी आणखी थोडी वाट बघितली, मग घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. दर्भाचा कावळा लावला की विधी पुरा होतो. शास्त्रात तशी सोय आहे.

माणसं पांगली. सुदर्शन पाण्याच्या कडेला उभा होता. मुक्ताबाई त्याच्या मागं जाऊन थांबल्या.

"सगळ्या गावापुढं मला बापाचा मारेकरी केलंस," तो पाण्याकडं बघत म्हणाला.

"एकट्याला न्हाई केलं. मी बी हाय."

"चौकीत विचारतील. तिथं बी माझं नाव घेशील?"

"घेईन. आधी माझं, मग तुझं."

मग त्यानं ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि आईला न घेताच घाट चढून गेला. वर त्याला मोटारसायकलवर बसवून कुणीतरी घेऊन गेलं. जीप राहूकडं निघाल्या. मुक्ताबाई नेमक्या कुणाच्या जीपमध्ये बसणार हे कुणी विचारलंच नाही, आणि शेवटची जीपही निघून गेली.

घाटावर मांडववाले खुर्च्या गोळा करत होते. सायली पायऱ्या उतरून खाली आली. ती सासूपासून दोन हात अंतरावर उभी राहिली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "दहा दिवस तुम्ही का बोलला न्हाई?"

सायली तशीच उभी राहिली. मग तिनं कमरेचा फोन काढला, भावाचा नंबर लावला आणि कानाला न लावता तो सासूच्या हातात दिला.

पलीकडं रिंग वाजत राहिली.